डिझेलचा लाल कॉक

साठी उलटलेल्या माणसाला नवी हौस सुचली की घरच्यांनी समजून घ्यावं, आता काही खरं नाही. कुणाला बागेचं वेड लागतं, कुणी बासरी शिकायला जातं. वेंधळरावांना बोट घ्यायची होती. बोट! ज्या माणसाला उभ्या जन्मात सायकल धड स्टँडवर लावता आली नाही, त्याला बोट!

वेंधळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा-बायकोनं मिळून एका कारखान्याचं कँटीन चालवलं, तिथल्या कामगारांनी ते ठेवलं होतं. याचा चहा त्याला, त्याचं ऑम्लेट याला, आणि खिशात कायम दुसऱ्याच कुणाचं तरी पेन. बायकोला मात्र सगळे 'मॅनेजर' म्हणत. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला कडक, कुणाच्या बायकोचं बाळंतपण झालंय म्हणून त्याला आज चहा फुकट, हे सगळं तिच्या डोक्यात. वेंधळरावांचं डोकं म्हणजे तीच, असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि वेंधळराव खुशाल हसायचे. त्यात काही खोटं नव्हतंच.

पण गेल्या काही महिन्यांत हसू येईनासं झालं होतं. घराची किल्ली पिठाच्या डब्यात सापडायला लागली. चष्मा फ्रिजमध्ये. एकदा तर दार सताड उघडं टाकून दोघं बाजारात गेली. प्रत्येक वेळी मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणायची, "अहो, काय हे! कुठे असतं लक्ष?" आणि वेंधळराव मान खाली घालायचे. आपण कधी ठेवली किल्ली पिठात? आठवायचं नाही. आता वेंधळेपणा वेगळा आणि हे वेगळं. वेंधळ्या माणसाला निदान नंतर आठवतं की आपण काय माती खाल्ली. यांना काहीच आठवत नव्हतं.

लेकीनं शेवटी फोनवर स्पष्टच सांगितलं. "बाबा, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि ती बोटीची भानगड सोडा."

"अगं, माझं डोकं ठणठणीत आहे."

"मग सिद्ध करा."

झालं, पैज लागली. बोट त्यांनी स्वतः चालवत घरच्या धक्क्याला आणायची. वाटेत काही गोंधळ झाला नाही तर लेक पुन्हा डॉक्टरांचं नाव काढणार नाही. गोंधळ झाला तर बोट विकायची, गाडीच्या किल्ल्या लेकीच्या हवाली करायच्या, आणि ती म्हणेल त्या डॉक्टरांसमोर मुकाट जाऊन बसायचं. वेंधळराव वरवर मिशीला पीळ देत होते. आतून मात्र त्यांनाच कळून घ्यायचं होतं, आपण आहोत की चाललो.

बोट एका दातांच्या डॉक्टरांची होती. पांढरी, बुटकी, पोटात एक छोटी केबिन. शीड होतं, पण ते गुंडाळून बांधलेलं, आणि वारा तरी कुठे होता? "शिडाचं सावकाश शिका," दातवाले म्हणाले, "आज इंजिनावर जा. किनारा धरून चाला, काही होत नाही." मग त्यांनी केबिनमध्ये नेऊन सगळं दाखवलं. उजव्या हाताला गॅसची एकच शेगडी. शेगडीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीला, एक लाल दांडा. "हा डिझेलचा कॉक. दांडा पाइपाच्या रेषेत असला म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. बोट लावून घरी जाताना तेवढा आडवा करायचा. बाकी या इंजिनाला कधी काही दुखत नाही."

बरोबर आलेल्या मॅनेजरनं ते सगळं ऐकून घेतलं, शेगडी पुसून काढली आणि म्हणाली, "लेकीला कळवलंत का, आपण निघतोय म्हणून?"

"कळवलं."

निघाले. आणि काय सांगावं महाराजा, पहिला तासभर वेंधळरावांसारखा सुखी माणूस जगात नव्हता! मागच्या बाजूला चाक धरून उभे, पाण्यावर ऊन, इंजिनाचा एकसुरी ठोका. मधेच त्यांनी चाक मॅनेजरच्या हाती दिलं आणि इंजिन कसं दिसतं ते बघायला खाली जाऊन आले. उगीच. नवी सून घरात आल्यावर सासू मुद्दाम स्वयंपाकघरात डोकावते, तसं. मग मॅनेजर खाली गेली आणि चहा घेऊन वर आली.

"गोड झालाय गं जरा," ते म्हणाले.

"तुम्हीच साखर घातली असेल येऊन."

आपण घातली? मघाशी खाली गेलो तेव्हा? शेगडीवर पातेलं तरी होतं का? त्यांना आठवेना. तेवढ्यात इंजिनानं दोन आचके दिले, खोकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं.

अशी शांतता असते, पाण्यावर इंजिन बंद पडल्यावर, की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. वेंधळरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी किल्ली फिरवली. नुसतं घुर्र. पुन्हा फिरवली. पुन्हा घुर्र. शेवटी दातवाल्यांना फोन लावला.

"दुखतंय कुठे नक्की?" दातवाल्यांनी सवयीनं विचारलं. मग पट्टा बघा, पाणी बघा, फिल्टर बघा. वेंधळराव केबिनमध्ये गुडघ्यावर बसून जे सांगतील ते बघत होते. माशी कुठे शिंकलीय, काही कळेना. "आणि लाल कॉक? तो चालू आहे ना?"

वेंधळरावांनी मान वळवली. दांडा आडवा.

"चालूच आहे की," ते म्हणाले, आणि बोलता बोलता तो हळूच सरळ केला. लाज वाटली हो त्यांना. "पण समजा कॉक बंद असता, तर इंजिन लगेच बंद पडलं असतं ना?"

"छे! पाइपातलं आणि फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत चालतं. मग हवा धरतं. ती काढावी लागते." आणि त्यांनी कृती सांगितली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, छोटा पंप अंगठ्यानं दाबत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. अंगठा भरून आला, हात डिझेलनं माखले, पण इंजिन सुरू झालं. वेंधळरावांच्या जिवात जीव आला.

"काय झालं होतं?" मॅनेजरनं विचारलं.

"कॉक बंद होता. हा लाल. तू नाही ना हात लावलास?"

"मी? मी कशाला लावू? मघाशी तुम्हीच तर खाली इंजिनाची आरती ओवाळत होतात." ती हसली. "लेकीला कळवलंत का, आपण निघालोय ते?"

"कळवलं गं बाई, सांगितलं ना!"

वेंधळराव पुन्हा चाकावर उभे राहिले खरे, पण आता ऊन टोचायला लागलं. कॉक बंद केला कुणी? इंजिनाच्या थरथरीनं आपोआप फिरला असेल? पण दांडा चांगलाच घट्ट होता, सरळ करताना जोर लावावा लागला होता. मग उरलं कोण? बोटीवर माणसं दोन. त्यातल्या एका माणसानं आयुष्यात कधी काही विसरलेलं नाही. आणि दुसऱ्याचं नावच वेंधळराव.

बरं, एकदा होतं माणसाकडून. त्यांनी स्वतःला दटावलं आणि मन लावून बोट हाकू लागले. पुढे एक दीपगृह डावीकडे ठेवायचं होतं, ते बरोबर डावीकडे ठेवलं. मच्छीमारांच्या जाळ्यांना वळसा घालायचा होता, तो घातला. भूक लागली म्हणून मॅनेजरनं खाली अंडी उकडली, दोघांनी पाव-अंडी खाल्ली, आणि ताटल्या ठेवायला वेंधळराव स्वतः खाली गेले. शेगडीपाशी गेले, ताटल्या ठेवल्या, वर आले. बास. एवढंच. मॅनेजर मग खालचं आवरून आली.

आणि मग पुन्हा आचका, पुन्हा खोकला, पुन्हा ती भयाण शांतता.

या वेळी त्यांनी फोन केला नाही. थेट खाली उतरले. दांडा आडवा.

वेंधळराव त्या दांड्याकडे आ वासून बघतच बसले. भुताटकी म्हणावी तर भरदुपार. आणि हळूहळू तो विचार आला. कँटीनमध्ये गॅसचा मुख्य कॉक असाच होता. लाल. ओट्याखाली, उजव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर. एकदा नळी पेटून भडका उडाला होता, मॅनेजरच्या भुवया जळाल्या होत्या, आणि त्या दिवसापासून तिनं कायदाच केला होता: शेगडीपासून हलायचं तर आधी कॉक, मग हात पुसायचा. नवरा असो नाहीतर कारखान्याचा मालक, कुणाची सुटका नव्हती. हात आपोआप खाली जायचा, डोक्याला विचारायचासुद्धा नाही. म्हणजे मघाशी ताटल्या ठेवताना आपलाच हात गेला. इतक्या वर्षांची सवय. गेला, कॉक बंद करून आला, आणि आपल्याला पत्ता नाही.

सवय ठीक आहे. पण एकदा कळल्यावर, एकदा हात पोळल्यावर, पुन्हा तेच? आणि जरासुद्धा आठवू नये? म्हणजे लेक म्हणते ते खरं. चाललं आपलं डोकं.

"काय झालं हो?" मॅनेजर पायरीवर येऊन वाकली.

"कॉक. पुन्हा. मीच." त्यांनी दांड्याकडे बोट दाखवलं. "अगं, मला खरंच काही आठवत नाही."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करेल असं वाटलं होतं. पण ती खाली आली, त्यांच्या डिझेलनं माखलेल्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू दे. मी आहे ना. तुमचं डोकं मी." वेंधळरावांना रडूच कोसळणार होतं, पण ते स्क्रू सैल करायला लागले. अंगठा दाबत राहिले. बुडबुडे संपले, इंजिन लागलं.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. शेगडीजवळचा टॉवेल घेऊन त्या लाल दांड्यावर गच्च गाठ मारून बांधला. हात गेलाच तर आधी टॉवेल लागेल, टॉवेल लागला की शुद्ध येईल. मॅनेजरलाही बोलावून दाखवला. "हे बघ, याला हात लावायचा नाही. मीही नाही लावणार, तूही नाही." ती "बरं" म्हणाली. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी शपथ घेतली की आता घरचा धक्का येईपर्यंत चाक सोडायचं नाही. तहान लागो, भूक लागो, आकाश कोसळो.

आणि ही शपथ त्यांनी पाळली. पाय दुखायला लागले तरी हलले नाहीत. मॅनेजर खाली-वर करत होती. तिनं पुन्हा चहा आणला, तो त्यांनी एका हातानं प्यायला. कप विसळायला ती खाली गेली, वर आली, शेजारी बसली. किनारा ओळखीचा दिसायला लागला. कारखान्याची चिमणी दिसली, मग बंदराचा दगडी बांध. बांधाच्या टोकाला वळसा घातला की आत धक्का, आणि धक्क्यावर लेक उभी असणार. दोनदा बंद पडली हे तिला सांगायचं की नाही, यावर वेंधळराव विचार करत होते. सांगायला हवंच. पैज म्हणजे पैज.

बांधाचं टोक अगदी जवळ आलं आणि इंजिन खोकललं.

"नाही!" वेंधळराव ओरडले. "नाही, नाही, नाही!"

इंजिनाला कोण विचारतंय! ते बंद पडलं, आणि आत शिरणाऱ्या भरतीनं बोट उचलून अलगद बांधाकडे न्यायला सुरुवात केली. बांधाचे दगड हिरवे, निसरडे, एकेक कपाटाएवढा. "नांगर!" मॅनेजर ओरडली, आणि तीच आधी पुढे धावली. दोघांनी मिळून नांगर उचलून पाण्यात टाकला. साखळी खडखडत गेली, गेली, आणि एकदम ताठ झाली. बोटीनं गचका खाल्ला आणि थांबली. दगड इतके जवळ होते की त्यांच्यावरची कालवं मोजता आली असती.

"थांबली," मॅनेजर धापा टाकत म्हणाली. "थांबली हो."

वेंधळराव खाली उतरले. कॉककडे बघायचं धाडस होईना, पण बघावं लागलं. दांडा आडवा होता. टॉवेल त्यावर नव्हता. टॉवेल शेगडीच्या बाजूला ठेवलेला होता, चौपदरी घडी घालून, कडेला कड जुळवून, वर हातानं दाबून सपाट केलेला.

ते घडीकडे बघत राहिले. त्यांच्या हातून जन्मात कधी टॉवेलाची घडी पडली नव्हती. बोळा करून फेकायचा, एवढंच त्यांना येत होतं, त्यावरून कँटीनमध्ये रोज बोलणी बसायची. अशी घडी जगात एकच माणूस घालत होतं. आणि ते स्वतः तर टॉवेल बांधल्यापासून या केबिनची पायरीसुद्धा उतरले नव्हते.

म्हणजे त्यांचं डोकं ठीक होतं. ठणठणीत होतं. पिठातली किल्ली, फ्रिजमधला चष्मा, उघडं दार, गोड चहा, सगळं भराभर उलगडत गेलं, आणि एकाही ठिकाणी वेंधळराव सापडेनात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पैज जिंकली होती. हायसं वाटायला हवं होतं. आणि त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. देवा, ते मनात म्हणाले, हे काय केलंस? माझंच न्यायचं होतंस ना. माझं डोकं तसंही काय कामाचं होतं?

"सापडलं का?" ती पायऱ्या उतरून शेजारी येऊन उभी राहिली. तिनं कॉक पाहिला, टॉवेल पाहिला. "अहो, पुन्हा? बांधला होतात ना तुम्ही?" तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. ती खरंच विचारत होती. मग ती टॉवेलाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. बोटानं त्याची कड चाचपली. आणि कारखान्याच्या मालकाला उभ्या उभ्या झापणारी ती बाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो, मी नाही ना हो केलं?"

वेंधळराव लगेच तिच्याकडे वळले.

"तू? काहीतरीच काय! मीच. मघाशी चष्मा घ्यायला आलो होतो ना खाली."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता, सकाळपासून.

"आणि ही घडी?"

"तीही मीच. इतकी वर्षं बोलणी खाल्ली, शिकलो एकदाचा."

ती त्यांच्याकडे बघत होती. चष्म्याकडेही तिची नजर गेली. "तुमचं म्हणजे ना," ती म्हणाली, "कठीण आहे." आणि तिनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की वेंधळरावांना वाटलं, ही कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतेय. म्हणजे तीसुद्धा भीत होती. एका घरात, एका ओट्यापाशी, दोघंही आपापल्या जागी भीत होती, आणि दोघांनीही अवाक्षर काढलं नव्हतं.

"चाक तू घे," ते म्हणाले.

"मी?"

"मग काय! माझा भरवसा राहिलाय का? आणि मघाशी नांगराचं तुलाच सुचलं. मी नुसता ओरडत होतो."

ती फार मोठा हुद्दा मिळाल्यासारखी वर गेली. वेंधळरावांनी दांडा सरळ केला, हवा काढली, वर जाऊन किल्ली फिरवली, नांगर ओढला आणि पुन्हा खाली येऊन शेगडीसमोर फळ्यांवर बसले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा! मला इथून बोट दिसतेय. बांधाला थांबलात का? काय झालं?"

"बंद पडली. तीनदा पडली आज. तिन्ही वेळा माझ्यामुळे." ते आवाज बेताचाच ठेवून बोलत होते. "तू जिंकलीस. त्या डॉक्टरांची वेळ घे."

जिंकल्याचा आनंद काही लेकीच्या आवाजात नव्हता. "बाबा, अहो, मी फक्त..."

"ऐक आधी. वेळ माझ्या नावानं घे. पण आई बरोबर येईल. ते डॉक्टर काय काय विचारतील, ते आधी तिला विचारू देत. मग मला. माझ्यासाठीच चाललंय असं तिला वाटू दे. समजलं का तुला मी काय म्हणतोय?"

लेक म्हणाली, "समजलं," आणि तिला पुढे बोलवेना.

"रडू नकोस. धक्क्यावर हसत उभी राहा. आई आणतेय बोट."

"आई?"

"बघ की तिकडून. कशी उभी आहे चाकावर."

केबिनच्या दारातून त्यांना वर फक्त तिचे पाय दिसत होते, घट्ट रोवलेले, आणि चाकावरचा एक हात. बांधाचं टोक मागे पडलं. बोट संथपणे आत वळली. एका होडीवाल्याला बाजूला व्हायला सांगताना मॅनेजरचा तो जुना कँटीनचा आवाज लागला, आणि होडीवाला निमूट बाजूला झाला.

"अहो!" तिनं वरून हाक मारली. "तिथून उठू नका हं! गप एका जागी बसा, नाहीतर पुन्हा काहीतरी करून ठेवाल!"

"नाही उठत," वेंधळराव म्हणाले, आणि लाल दांडा मुठीत गच्च धरून, बोट धक्क्याला लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.